पाण्याचा दगड, आगीचा दगड

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं, पण आतल्या पडद्याचा बिघाड काही गेला नाही. समोरचा माणूस दिसायचा, दाराची चौकट दिसायची; वाचायला घेतलं की मात्र ओळीच्या बरोबर मधोमध एक करडा ठिपका येऊन बसायचा. डॉक्टर म्हणाले, "दादाजी, अब जितना है, उसी को सम्हालिए." त्या दिवसापासून सकाळचा पेपर मी वाचून दाखवायला लागले.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. शाळेत सायन्स शिकवलं आणि तिथूनच रिटायर झाले. बाबा मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर होते. बदल्या होत होत रायपूरला आले, चौबे कॉलनीत घर बांधलं आणि इथलेच झाले. रुळाच्या कडेनं पायी चालण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला सकाळी नऊनंतर खुर्चीत नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. पेपर नऊला संपायचा.

"झाला? बस, एवढाच?" ते विचारायचे. "मंग जाहिराती वाच."

जाहिराती वाचून झाल्या. दोन-तीन दिवाळी अंक होते, तेही संपले. एक दिवस दिवाणातल्या रजया उन्हात टाकायला काढल्या, तर तळाशी माझं बी.एस्सी.चं भूविज्ञानाचं पुस्तक सापडलं. हिंदीतलं, मागचा पुठ्ठा गेलेला. पहिलंच प्रकरण विषयाच्या इतिहासाचं होतं. पृथ्वी कशी झाली, दगड कसे झाले, याबद्दल जुन्या काळच्या लोकांनी काय काय तर्क लढवले, त्याची हकिकत. आमच्या सरांनी ते प्रकरण पहिल्याच दिवशी "ये परीक्षा में नहीं आता" म्हणून ओलांडलं होतं. मी बाबांना विचारलं, "हे वाचू का? दगडांचं आहे."

"दगडांचं? वाच ना. उभा जन्म दगडातच गेला माहा." त्यांना गिट्टी म्हणायची होती, रुळांखाली अंथरतात ती खडी.

अशी सुरुवात झाली. एक परिच्छेद मी हिंदीत वाचायचे आणि मग मराठीत समजावून सांगायचे. शाळेतली सवय, जात नाही. परदेशातल्या एका धर्मगुरूनं धर्मग्रंथातल्या पिढ्या मोजून पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं ठरवलं होतं, हे ऐकून बाबा म्हणाले, "मोजलं तर सही त्यानं. बाकीचे तर मोजतही नव्हते." मग तो डॅनिश डॉक्टर आला, ज्याच्यापुढे चिरफाडीसाठी एका मोठ्या माशाचं डोकं आणलं गेलं. त्या माशाचे दात पाहून त्याच्या लक्षात आलं, की डोंगरातल्या दगडांत लोकांना जे तिकोनी तुकडे सापडतात ते असेच दात आहेत. म्हणजे डोंगराच्या जागी कधीतरी समुद्र असणार. थर एकावर एक बसले असतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, हेही त्यानंच लिहून ठेवलं.

"हे सांगाले डॉक्टर कशाले लागते?" बाबा म्हणाले. "रुळावरच्या गँगमनलेही समजते." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच भाग पुन्हा वाचायला लावला.

त्यांना सगळ्यात आवडला तो फ्रान्समधला सरदार. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती आणि हळूहळू निवत गेली, असं त्याचं म्हणणं. ते तपासायला त्यानं लहान-मोठे लोखंडी गोळे भट्टीत लाल करायला लावले आणि कोणता गोळा हाताला सोसेल इतका निवायला किती वेळ घेतो ते मोजलं. मग त्यावरून पृथ्वीएवढ्या गोळ्याचा हिशेब मांडला. त्या दिवशी पोळ्या झाल्यावर मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन पाहते तर बाबा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे, हात तव्यावर वीतभर उंच धरलेला.

"बाबा! काय करून राहिले?"

"काही नाई. किती वेळ लागते पाहून राहिलो."

असे दोन-तीन आठवडे मजेत गेले. मग प्रकरणात भांडण आलं.

भांडण दोन तटांचं होतं. एका तटाचा पुढारी जर्मनीतला, खाणकाम शिकवणाऱ्या शाळेतला मास्तर. त्याचं म्हणणं, सुरुवातीला सगळी पृथ्वी एका समुद्राखाली होती आणि झाडून सगळे दगड त्या पाण्यातूनच खाली बसत गेले. इतका सुंदर शिकवायचा, की देशोदेशीचे विद्यार्थी त्याच्याकडे यायचे. दुसऱ्या तटाचा पुढारी स्कॉटलंडचा. शिकला डॉक्टरकी, केली शेती. पाऊस आपल्या शेतातली माती दरवर्षी नाल्यातून वाहून नेतो हे तो बघत बसायचा. जमीन अशी झिजतच राहिली तर कधीतरी संपेल. ती संपलेली नाही, म्हणजे कुठेतरी नवी तयार होत असणार. पृथ्वीच्या पोटात आग आहे, ती दगड वितळवते आणि समुद्राचा तळ वर उचलते, असं त्याचं मत पडलं. हे सगळं केव्हापासून चाललं असेल, याची त्याला सुरुवातच सापडेना.

बाबा सरळ जर्मन मास्तराच्या बाजूनं गेले.

"आपल्या रायपुरातच पाह्य ना," ते म्हणाले. "अंगणातली फरशी घे, खदानीतला दगड घे. सगळे थर. आग कुठं आहे इथं? रुळासाठी डोंगर कापलेले इतके कटिंग पाह्यले मी. पाणीच आहे सगळं."

"आणि नागपूरकडची काळी गिट्टी? ती तुम्हीच अंथरली ना? तो वितळलेला दगड आहे बाबा."

"तुह्या पुस्तकात असंन."

मला राग यायला लागला. साठी उलटलेली बाई आणि तिचा म्हातारा बाप, दोनशे वर्षांपूर्वी मिटलेल्या वादावरून सकाळी सकाळी आवाज चढवून बोलत होते. मी त्यांना सांगितलं, की त्या मास्तराचेच हुशार विद्यार्थी पुढे फिरायला निघाले, त्यांनी विझलेले ज्वालामुखी डोळ्यांनी पाहिले आणि गुरूचं मत सोडलं. स्कॉटलंडवाला तर गुडघे-ढोपरं फोडून नद्यांच्या खोऱ्यात हिंडला. एका ओढ्यात त्याला आगीचा दगड दुसऱ्या दगडात घुसलेला दिसला, तेव्हा तो इतका खूष झाला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं याला सोनं सापडलं. "आणि तुमचा मास्तर?" मी म्हटलं. "तो आपल्या गावाच्या आसपासचे दगड पाहून सगळ्या जगाचं सांगत बसला. कुठे गेलाच नाही. गेला असता तर दिसलं असतं."

बाबा शांतपणे म्हणाले, "तू तरी कुठं गेलीस?"

मी पुस्तक मिटलं.

"मी जाणार होते," मी म्हटलं. "तुम्ही सही केली नव्हती."

"कोणती सही?"

बाबांना आठवत नव्हतं. मला मात्र त्या कागदाचा रंगसुद्धा आठवत होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला धमतरी-कांकेरच्या बाजूला तीन दिवसांची सहल होती, दगड पाहायची. वर्गात मुली आम्ही दोघीच. दुसरी पुरानी बस्तीतली, माझी मैत्रीण. तिच्या घरून परवानगी मिळाली. बाबांनी कागद वाचला, त्याची घडी केली आणि तो परत माझ्या हातात दिला. "पोट्ट्यांसोबत नाल्या-डोंगरांत तीन दिवस? काही गरज नाई." आईनं आतून काहीतरी म्हटलं होतं. मी वाद घातला नाही. तेव्हा घालत नसू. वर्ग तीन दिवस सहलीला गेला आणि मी घरी बसून हेच प्रकरण वाचलं, परीक्षेत न येणारं. मैत्रीण परत आल्यावर तिच्या वहीतून चित्रं उतरवून घेतली. प्रॅक्टिकलला मार्क कमी पडले, एम.एस्सी.ला हा विषय मिळाला नाही, मी बी.एड. केलं. फार मोठं दुःख झालं असं म्हणणार नाही. शाळेत मला आवडत होतं. पण बाबा "कोणती सही?" म्हणाले, तेव्हा मी भाजी निवडायला निघून गेले.

चार-पाच दिवस आम्ही पुस्तक उघडलं नाही. पेपर संपला की बाबा म्हणायचे, "ठीक हाय," आणि डोळे मिटून बसायचे. मग एका सकाळी, कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते तिथूनच त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक जाणार होते तिथं होतं तरी काय पाह्यासारखं?"

मी सांगितलं. एका नाल्याच्या काठावर दोन दगड एकमेकांवर टेकलेले दिसतात. खालचा आगीचा, वरचा पाण्याचा. खालचा दगड जमिनीच्या पोटात खोल तयार झाला, वर आला, कितीतरी काळ उन्हापावसात झिजत पडला. मग त्यावर पाणी आलं आणि नवे थर बसायला लागले. दोन्हींच्या मध्ये जो काळ गेला त्याचा काहीच पुरावा तिथे उरलेला नाही. अशीच एक जागा त्या स्कॉटलंडवाल्यानं मित्रांना नावेत घालून दाखवायला नेली होती, समुद्रकाठच्या कड्यावर. अशा जागेला पुस्तकात विसंगती म्हणतात.

बाबांनी पाणी घालणं थांबवलं. "म्हणजे जुनी इमारत पडली, जोतं तेवढं राह्यलं, आणि मंग कोण्या दुसऱ्यानं त्यावर नवीन बांधली."

"तसंच."

"तो नाला अजून असंन का?"

मैत्रीण आता पुण्याला असते. तिला फोन केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं झाली! कांकेरच्या रस्त्यावर, धमतरीच्या पुढे. डाव्या हाताला रपटा होता, तो बुटका पूल, त्याच्यावरून पाणी वाहायचं." संध्याकाळी तिनं कागदावर नकाशा काढून त्याचा फोटो पाठवला. त्यात एक रस्ता, एक झाड आणि एक नागमोडी रेघ होती.

गाडी माझ्या भावाच्या मुलीची. ती पलीकडच्या कॉलनीत राहते आणि नोकरी करते. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. "आत्या, पत्थर देखने जाना है? सच में?" तिनं विचारलं. भाऊ नाराज होता. या वयात बाबांना कुठे नेता, गुडघे बघा त्यांचे. बाबांनीच त्याला फोनवर सांगितलं, "मले जायचं हाय. तू काहून आडवा येऊन राह्यला?"

थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी निघालो. डिकीत प्लॅस्टिकची खुर्ची, पाण्याच्या बाटल्या, पोळी-भाजीचा डबा आणि बाबांची काठी. धमतरीपर्यंत बाबा झोपले. पुढे गेल्यावर मी डाव्या बाजूला डोळे लावून बसले. रस्ता रुंद झाला होता, जुने रपटे जाऊन पूल आले होते. एका नाल्यापाशी थांबलो तर तिथे नुसती माती आणि बेशरमाची झुडपं. पुढच्या वळणावर एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिच्याकडून टमाटे घेतले आणि भाचीनं विचारलं, इथे कुठे मोठे दगड असलेला नाला आहे का.

"हव," ती म्हणाली. "आघू म नरवा हे. पखरा च पखरा." पुढे नाला आहे आणि दगडच दगड आहेत.

तिनं दाखवलेला कच्चा रस्ता थेट एका जुन्या रपट्यापर्यंत गेला. पाणी घोट्याएवढं. रपट्यावरून काठ सरळ हाताशी येत होता, उतरायची गरजच नव्हती. भाचीनं खुर्ची लावली, बाबांना बसवलं. मी पुढे झाले.

आणि मला काही दिसेचना. वहीतल्या चित्रात नागमोडी रेघ ठळक होती, खाली फुल्या आणि वर ठिपके. इथे नुसता मळकट काठ, शेवाळलेला, मुळ्या लोंबत असलेला. आपण इतकी वर्षं काय धरून बसलो होतो, असं मनात आलं. दहा-पंधरा मिनिटं मी त्या काठाशी इकडून तिकडे फिरले. मग हातानं पालापाचोळा बाजूला सारला, बाटलीतलं पाणी मारलं, तेव्हा रंग उमटले. खाली गुलाबी, काळे-पांढरे दाणे असलेला दगड, वरच्या बाजूला भुसभुशीत झालेला. त्याच्यावर तपकिरी वाळूचा दगड, पट्ट्यापट्ट्यांचा. दोन्हींच्या मधली जागा माझ्या छातीच्या उंचीवर होती आणि मी इतका वेळ तिच्यासमोरूनच फिरत होते.

"सापडलं," मी म्हटलं. भाची लगेच बाबांना धरून घेऊन आली.

बाबांना दिसत तर फारसं नव्हतं. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही तळहात काठावर टेकवले. आधी खाली फिरवले, मग वर. रुळांवर गिट्टी तपासताना ते असेच एकेक खडा बोटांत घोळवत असतील. वरच्या दगडाच्या अगदी तळाशी गोल गोटे चिणल्यासारखे बसलेले होते. त्यांतले बरेचसे पांढरे, गुळगुळीत. एका मोठ्या गोट्यावर बाबांची बोटं थांबली. त्यांनी पुन्हा खालचा दगड चाचपला, पुन्हा गोटा.

"अव, हा तर खालचाच हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच, गोटा गुलाबी होता, तेच काळे-पांढरे दाणे. खालच्या दगडाचा तुकडा फुटून, पाण्यात घरंगळून गोल होऊन वरच्या दगडात जाऊन बसला होता. वरचा थर बसायच्या आधी खालचा दगड जुना होऊन फुटायला लागला होता, याचा याहून चांगला पुरावा नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी तो गोटा मी शोधला नव्हता, बाबांनी शोधला.

"दादू, कितना पुराना होगा?" भाचीनं विचारलं. ती बाबांना दादू म्हणते.

"तुह्या आत्याले विचार. तिनं शिकलं हाय."

मी सांगितलं, या दोन दगडांच्या मध्ये कोट्यवधी वर्षं गेली. भाचीनं त्या जागेवर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्याचा फोटो काढला.

तिथेच खाल्लं. बाबांनी मीठ लावून टमाटा खाल्ला. भाची पाण्यात पाय सोडून फोनवर फोटो बघत होती. बाबा म्हणाले, "तवा तुह्या मायनं सांगितलं होतं, जाऊ द्या पोरीले म्हणून."

म्हणजे त्यांना आठवलं होतं. कधी आठवलं, ते मी विचारलं नाही.

"मले भेव वाटला," ते म्हणाले. "मी रुळावर राहो रात्रंदिवस. काय काय पाह्यलं होतं. तुह्यावर विश्वास नव्हता असं नाई."

"हं," मी म्हटलं. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. त्यांनी घेतली.

परतताना ते एकदम ताजेतवाने होते. "खालचा आगीचा, मानलं," म्हणाले. "पण वरचा? पाण्यानंच आणला ना? मंग माहा मास्तर अर्धा बरोबर झाला." मी म्हटलं, झाला. खरोखरच झाला होता. पुस्तकातही तसंच आहे, पाणी आणि आग दोन्ही. पण तो भाग मी वाचून दाखवायच्या आधीच बाबांनी ते म्हटलं. मग त्यांनी त्या स्कॉटलंडवाल्याचं पुढे काय झालं ते विचारलं. त्याचं लिखाण इतकं किचकट होतं की लोकांनी वाचलंच नाही, तो गेल्यावर त्याच्या एका मित्रानं ते सोप्या भाषेत लिहून काढलं, तेव्हा कुठे लोकांना पटायला लागलं, असं मी सांगितलं. "मित्र चांगला होता," बाबा म्हणाले आणि काचेला डोकं टेकून झोपले.

मैत्रिणीला मी फोटो पाठवले होते. रायपूरच्या अलीकडे, अभनपूरच्या आसपास तिचा मेसेज आला. "वा! पण ही आपली जागा नाही गं. तिथे आंब्याची झाडं होती आणि दगड लालसर होता." मी भाचीला वाचून दाखवलं. तिनं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बाबांना जाग आली नाही.

दोन दिवस त्यांचा गुडघा सुजला होता. भाऊ येऊन मला बरंच बोलला. बाबा पलंगावर पडून ऐकत होते, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, पण तो गेल्यावर म्हणाले, "त्याचंही बरोबरच हाय." तिसऱ्या दिवशी उठून खुर्चीत बसले.

आता इतिहासाचं प्रकरण संपलं आहे. पुढचं प्रकरण खनिजांचं आहे, नुसते तक्ते. ते आम्ही सोडून दिलं आणि सरळ नद्यांवर आलो. नदी वळण कसं घेते, बाहेरचा काठ का खाते आणि आतल्या बाजूला वाळू का टाकते, हे मी वाचायला लागले की बाबा मध्येच थांबवतात. कारण पुलांच्या पायांशी नदी काय करते, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परवा महानदीच्या एका जुन्या पुलाचं सांगायला लागले ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ऐकत होते. पान एकही पुढे गेलं नाही.